सिडोनी जवाहिरीण

परवा माझ्या दुकानात एक पोरगी आली. केस मानेपर्यंत कापलेले, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. चीज तोलता तोलता मी सहज म्हटलं, "समोरच्या त्या खांबापाशी आमच्या वेळी आर्लकँ मिळायचं." ती फिस्सकन हसली. "आजी, आर्लकँ म्हणजे तो ठिगळांच्या कपड्यांतला विदूषक ना? तो काय विकत मिळायचा?"

मी तिचं चीज कागदात गुंडाळलं आणि तिला वाटेला लावलं. पॅरिसमध्ये जन्माला यायचं, ले आलच्या बाजारात खरेदी करायची आणि आर्लकँ ठाऊक नसायचं! हिच्या आजीने नक्की खाल्लं असणार, आणि मरेपर्यंत त्याबद्दल मिठाची गुळणी धरली असणार.

मी सांगते. मला कसली लाज? आर्लकँ म्हणजे उष्टं. मोठी हॉटेलं, वकिलाती, मंत्र्यांचे बंगले, इथे मेजवान्या झडायच्या. ताटांत जे राहायचं ते भांडी घासणारे बादल्यांत भरून विकायचे आणि पहाटे गाडीवाले ते आमच्या बाजारात आणायचे. मग ते निवडून, कापून, बश्यांत मांडायचं. एका बशीत मटणाचा तुकडा, त्याला टेकून माशाचं शेपूट, शेजारी चमचाभर वाटाणे, कडेला केकचा कोपरा. तांबडं, पिवळं, हिरवं, तपकिरी, विदूषकाच्या अंगरख्यासारखं ठिगळाला ठिगळ. म्हणून नाव पडलं आर्लकँ.

आता ते नाव गेलं. पदार्थ मात्र कुठेही गेलेला नाही. सरकारी निरीक्षक आले, विकणाऱ्यांच्या फळ्या उचलल्या, बादल्या बंद केल्या. आणि आज त्याच हॉटेलांत कालच्या तुकड्यांवर पिवळं मेयोनेज ओतून, वर अजमोद्याचं पान खोचून 'थंड पदार्थांची निवडक थाळी' म्हणून तिप्पट दराने वाढतात. खाणारे बोटं चाटतात. पूर्वी निदान विकणारीला माहीत असायचं की आपण काय विकतोय.

आणि विकणारीला म्हणायचे काय? बिजूतिएर. म्हणजे जवाहिरीण! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. कोणी म्हणायचं, संगमरवरी फळीवर बश्या सराफाच्या पेढीसारख्या मांडतात म्हणून. कोणी म्हणायचं, गॅसच्या दिव्याखाली रस्सा चकाकतो म्हणून. मला विचाराल तर आमच्या बाजाराची जीभच तशी वाकडी. ज्याकडे बघून नाक दाबावंसं वाटतं, त्याला मुद्दाम दागिन्याचं नाव द्यायचं. माझ्या चीजला काय म्हणायचे ते सांगत नाही.

तर आमची जवाहिरीण होती सिडोनी ग्रापार. मोर्व्हाँच्या डोंगरातून आलेली, हाडापेराने दांडगी. हमरस्त्यावरच्या एका बड्या हॉटेलात तिने ऐन उमेदीत भांडी घासली. नवरा बाजारात हमाल होता. तो पाठीवरच्या ओझ्याने मेला असं ती सांगायची. बाटलीच्या ओझ्याने मेला असं बाकीचे सांगायचे. पदरात एक पोर, आणि हात सोड्याने सोललेले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ताटं घासते ती, आणि ताटांतलं विकून गब्बर होतो दुसराच कोणी. तिने फळी भाड्याने घेतली.

कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मलासुद्धा मान्य करावं लागतं, आणि मी सहसा कोणाचं काही मान्य करत नाही. बादली जस्ताच्या टेबलावर उपडी करायची. वास घ्यायचा. अर्धा माल सरळ डुकरांच्या डब्यात फेकायचा. दाताची खूण दिसली की चाकूने एवढीशी कड उडवायची. मग एका मोठ्या भांड्यातला तिचा तपकिरी रस्सा पळीभर वर घालायची. त्या रश्श्याखाली बदक आणि वासरू सख्खे भाऊ वाटायचे.

तोंड मात्र फाटकं. तिला सगळ्या जगाचा तिटकारा होता. ताटात टाकणाऱ्यांचा होताच, आणि ते विकत घेणाऱ्यांचा त्याहून जास्त. गिऱ्हाईक काय फक्त भिकारी असायचं? कचेऱ्यांतले कारकून, पेन्शनवाले, एकेकाळच्या नट्या, सगळे यायचे. आणि सगळे "मांजरासाठी हवंय" म्हणायचे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं!

"मांजराला मोहरीची चटणी लावून देऊ का, साहेब?" ती विचारायची.

"द्या थोडीशी," साहेब म्हणायचे.

एक म्हातारे शाळामास्तर होते. त्यांच्याकडे मांजर नव्हतं, पण विद्या होती. ते एकदा बशी हातात घेऊन सांगू लागले, "सिडोनीबाई, हा विदूषक मूळचा विदूषक नव्हेच. फार जुन्या काळी एलकँ नावाचा एक सैतान होता. उपाशी भुतांची पलटण घेऊन रानोमाळ हिंडायचा. त्याचंच पुढे नाटकवाल्यांनी आर्लकँ केलं."

"असेल की," सिडोनी म्हणाली. "पलटण तर रोज सकाळी माझ्यापुढे रांग लावते. तुम्ही पुढे सरका, मास्तर, मागची भुतं खोळंबलीत."

अशा बाईच्या पोटी ब्लांदीन आली. आईने तिला फळीच्या आसपास फिरकू दिलं नाही. नन्सच्या शाळेत घातली, पियानो शिकवला, टोप्या शिवायला एका चांगल्या दुकानात लावली. शाळेत पोरगी काय शिकली? नाकाने कांदे सोलायला. मला काकू म्हणायची, पण दोन हात लांब उभी राहून. पोर वाईट नव्हती. भित्री होती, आणि भित्र्या माणसाइतकं निर्दय कोणी नसतं.

त्या टोप्यांच्या दुकानात तिला एव्हारिस्त पुलिने भेटला. विम्याच्या कचेरीत कारकून, मिशा मेण लावून उभ्या केलेल्या. बाप चार्त्र गावच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेला, आई चर्चमधल्या पहिल्या बाकावर बसणारी. पोराने आईवडिलांना मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, मुलीची आई काय करते? ब्लांदीनने उत्तर दिलं, "बिजूतिएर आहे. ले आलपाशी."

एक अक्षर खोटं नव्हतं.

सिडोनीला तर यातलं काहीच कळलं नाही. तिला लेकीने एवढंच सांगितलं, "आई, त्यांना सांगितलंय मी, तू बिजूतिएर आहेस ते. त्यांची काही हरकत नाही." हे ऐकून ती बाई अशी फुलली की मला बघवेना. आयुष्यभर जगावर थुंकलेली सिडोनी माझ्या दुकानात येऊन म्हणते, "मेलानी, माणसं चुकीची जोखली गं मी. चार्त्रचे लोक बघ, केवढ्या मनाचे! उष्टं विकणारीच्या पोरीला मागणी घालतात."

"एकदा नीट विचारून घे," मी म्हटलं.

"तू जळतेस माझ्यावर."

"मी कशाला जळू? पण कोर्टातला कारकून आणि मोठं मन, हे दोन्ही एका माणसात मी अजून पाहिलेलं नाही."

ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. चीज दुसरीकडून आणलं, तेही वाईट.

आणि मग पुलिने नवराबायको न कळवता आले. लग्नाआधी सोयरिकीचं दुकान बघावं, जमलं तर सुनेसाठी एखादा दागिना घरच्या भावात पदरात पाडून घ्यावा, असा त्यांचा बेत. कोपऱ्यावरच्या हमालाला त्यांनी विचारलं, "बिजूतिएर मादाम ग्रापार कुठे?" बाजारात या शब्दाचा दुसरा अर्थ कोणाला सुचणार? त्याने सरळ खांबाकडे बोट दाखवलं.

सकाळची वेळ. सिडोनीने बश्यांवर पांढरं फडकं झाकलेलं. तिने स्वतःही त्या दिवशी स्वच्छ एप्रन बांधलेला, दिसायला बरी दिसत होती. पुलिनेसाहेब काठी टेकत आले, मागे बाई, हातात जाळीचे मोजे.

"मादाम ग्रापार?"

"मीच की. बोला."

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. "दुकान... हे असं उघड्यावर?"

"मग? माल हातोहात जातो."

"झाकून ठेवता वाटतं?"

"झाकावा लागतो, साहेब. माशा बसतात."

साहेब बायकोकडे वळून हसले. जवाहिरीण गमतीदार आहे, असं त्यांना वाटलं असावं. "आणि चोराचिलटांची भीती?"

"मांजरांची आहे. कुत्र्यांचीसुद्धा."

मी माझ्या दुकानातून ऐकत होते. हे गिऱ्हाईक नव्हे, काहीतरी गडबड आहे, एवढं मला कळलं. पण तोंड घालावं की न घालावं हे ठरेना, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती.

"माल येतो कुठून?" साहेबांनी विचारलं.

"बड्या घरांतून. काल तर थेट एका वकिलातीतून आलाय. राजदूताच्या टेबलावरचा."

साहेब बायकोच्या कानाशी लागले. "बघ, खानदानी माणसं अडचणीत आली की विकायला काढतात." मग मोठ्याने, "म्हणजे जुना असणार?"

"छे, छे! जुना मी ठेवतच नाही. उन्हाळ्यात तर दुपारपर्यंतसुद्धा नाही."

आता बाईंना राहवेना. "मला एखादी ठसठशीत वस्तू दाखवा. सुनेच्या गळ्याशी शोभेल अशी."

"गळ्याशी कसली, थेट गळ्याखाली उतरेल!" असं म्हणून सिडोनीने फडकं उचललं. "हा बघा, अख्खा लॉबस्टर. एक नांगी तेवढी राजदूताने खाल्लीय."

मी आयुष्यात बऱ्याच माणसांची तोंडं उतरलेली पाहिली आहेत. पुलिनेबाईंचं तोंड उतरलं नाही, ते आंबलं. त्यांनी जाळीच्या मोज्याने नाक दाबलं. साहेब एकदा लॉबस्टरकडे, एकदा काठीच्या मुठीकडे बघत राहिले. शेवटी कोर्टात नाव पुकारावं तसे म्हणाले, "आम्ही चार्त्रहून आलो आहोत. पुलिने."

आणि सिडोनी, ती वेडी सिडोनी, आनंदाने ओरडली, "अगं बाई! व्याहीबुवा! विहीणबाई! अहो आधी नाही का सांगायचं?" तिने हात एप्रनला खसाखसा पुसला आणि पुढे केला. "या, बसा. मेलानी, तुझी खुर्ची आण गं, चार्त्रचे पाहुणे आलेत!"

मी खुर्ची आणेपर्यंत पाहुणे खांबापलीकडे पोचले होते. सिडोनीचा हात तसाच पुढे होता. तिला काही कळायच्या आत कोबीच्या गाडीआड ते दिसेनासे झाले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "त्यांना ठाऊक नव्हतं का गं?" तिने विचारलं. मी खुर्ची घेऊन तशीच उभी राहिले. "सांगितलं होतं" असं मला पहिल्यांदाच म्हणावंसं वाटलं नाही.

लग्न मोडलं असं तुम्हाला वाटेल. तुम्ही पुलिनेंना ओळखत नाही. ती माणसं घरी गेली, रागावली, बाईंनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मग साहेबांनी कागद घेऊन हुंड्याचा हिशेब पुन्हा एकदा मांडला. सिडोनीने पोरीच्या नावावर बरंच ठेवलं होतं, हे एव्हारिस्तने आधीच सांगितलेलं. बादलीतून आलेला पैसा बँकेतून फिरून आला की त्याला वास येत नाही, असा निवाडा झाला. वास येतो तो फक्त तो कमावणाऱ्या बाईला.

निरोप घेऊन ब्लांदीन स्वतः आली. एवढं मात्र तिचं मानलं पाहिजे, दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही.

"आई, त्यांनी होकार कायम ठेवलाय."

"मग तोंड का पाडलंयस?"

"लग्न पॅरिसमध्येच होईल. जेवण आपण द्यायचं."

"देऊ की. मुलीकडूनच असतं."

ब्लांदीन हातमोज्याची बटणं उघडत होती, लावत होती. "फक्त तू त्या दिवशी आजारी असशील."

सिडोनीचा चाकू थांबला नाही. बदकाच्या तंगडीची कड उडाली. "काय होणार आहे मला?"

"छातीचं दुखणं. असं त्यांनी चार्त्रच्या लोकांना सांगितलंय."

"छातीचं. ठरवूनसुद्धा टाकलंत."

"एकच दिवस, आई."

"आणि नंतर?"

ब्लांदीनने पुन्हा एक बटण लावलं. माझ्याने राहवलं नाही. मी ओरडले, "काय गं ए पियानोवाली! आईच्या हाताला वास येतो, आणि तिच्या हुंड्याला अत्तर लावलंय का?"

"मेलानीकाकू, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणार! चीज विकते मी. वासाच्या गोष्टी मला नको शिकवूस."

"गप गं, मेलानी," सिडोनी म्हणाली. मग लेकीला विचारलं, "तू खरंच त्यांना बिजूतिएर एवढंच म्हणालीस?"

"खोटं नाही बोलले मी."

"नाही. खोटं नाहीच ते." तिने चाकू पुसला. "बरं. होईन आजारी. पण हॉटेल मी ठरवणार. पैसे माझे आहेत."

ब्लांदीनच्या जिवात जीव आला. हॉटेल कुठलं का असेना! तिने आईच्या गालाचा मुका घेतला, घाईघाईने, आणि गेली. सिडोनीने शहराच्या टोकाला, रानाच्या कडेचं एक झगमगीत हॉटेल ठरवलं, आरशांच्या भिंतींचं. मी तिला वेडी म्हटलं. ज्यांनी तुला दारात उभं केलं नाही त्यांना आरशांत बघत जेवायला घालतेस? ती म्हणाली, "तुला काय कळतंय."

लग्नाच्या दिवशी तिने रोजच्यासारखी फळी मांडली. मी मात्र दुकान बंद करून चर्चमध्ये गेले आणि मागे उभी राहिले. पुलिनेसाहेब भेटेल त्याला सांगत होते, "बिचाऱ्या विहीणबाई! छातीचं दुखणं फार वाईट." परत आल्यावर मी पोटभर शिव्या घातल्या. सिडोनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी कशी दिसत होती?"

"चांगली दिसत होती," मी म्हटलं. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीवाल्याने बादल्या उतरवल्या. "सिडोनीबाई, आज माल बघा! काल रानाकडच्या हॉटेलात लग्न होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या हॉटेलच्या बादल्या तिच्याकडेच यायच्या.

तिने फळीवर नवं फडकं अंथरलं. तपकिरी रश्श्याचं भांडं खाली ठेवून दिलं. आधी मासा, मग वासरू, मग कोंबडी, मग सॅलड, मग बदाम घातलेला केक, वाढलं होतं त्याच क्रमाने सगळं वेगवेगळं मांडलं. त्या दिवशी एकाही बशीत ठिगळाला ठिगळ नव्हतं. रांग लागली. पहिल्या माणसाने पैसे पुढे केले.

"आज विक्री नाही," सिडोनी म्हणाली.

"मग मांडलंय कशाला? आम्हाला चिडवायला?"

"माझ्या पोरीचं लग्न झालंय. खायचं तर इथे उभं राहून खा. घरी न्यायचं नाही."

लोक एकमेकांकडे बघू लागले. आधी मास्तर पुढे झाले. टोपी काढून त्यांनी सिडोनीला लवून अभिनंदन केलं, जसं वधूच्या आईचं करतात, आणि माशाचा तुकडा उचलला. मग सगळे आले. कारकून, नट्या, हमाल, कोबीवाली. कोणी वाईनची बाटली आणली. सिडोनी खोक्यावर बसली, मांडीवर बशी घेऊन, आणि पहिल्या घासापासून शेवटपर्यंत पोरीच्या लग्नाचं जेवण जेवली. मीही जेवले. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता, की ही का रडत नाही.

गर्दी पांगल्यावर ती बादलीच्या तळाशी काय राहिलंय ते बघू लागली. वरचा माल वाढपाच्या परातींत उरलेला होता; पाहुण्यांच्या ताटांतून आली होती ती नुसती हाडं. तिने एक उचललं, उजेडात धरलं. कोंबडीची तंगडी, पांढरीफटक. मग दुसरं, मग तिसरं.

"हे बघ, मेलानी. मंत्र्यांची ताटं पाहिली मी, बिशपांची पाहिली, सावकारांची पाहिली. सगळे काहीतरी टाकतात. हे बघ, चार्त्रवाल्यांनी शीरसुद्धा ठेवलेली नाही. मधलं चोखून घेतलंय."

"चिक्कू मेले," मी म्हटलं आणि हसले. "फुकट मिळालं ना तुझं!"

ती हसली नाही. हाड तिच्या हातातच होतं, आणि ती रडायला लागली. भर बाजारात, मोठ्याने, नाक एप्रनला पुसत.

"तुला कळत नाही गं," ती म्हणाली. "परक्याच्या पैशाचं जेवण असून जे हाडावर काही ठेवत नाहीत, त्यांच्या घरी सुनेच्या ताटात काय पडेल?"